हट्ट नव्हे, उतार!
‘अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही मुळा-मुठेने बंगालच्या उपसागराची वाट धरली, हा निव्वळ पुणेरी हट्ट,’ हे प्राध्यापकमहाशयांचे विधान विनोद म्हणून दाद देण्याजोगे असले, तरी दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, एवढे एक वाक्य भूगोलाच्या अध्यापकाकडून अपेक्षित होते. खरी गंमत लोणावळ्याजवळ आहे. तेथे उगम पावणारी इंद्रायणी भीमा-कृष्णेमार्गे पूर्वेला जाते, तर शेजारच्या राजमाचीच्या डोंगरांतील उल्हास नदी वसईच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. आमच्या सरांनी भर पावसात घाटमाथ्यावर उभे करून हे समजावले, तेव्हा कुडकुडणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांचे (आणि बहुधा सरांचेही) सारे लक्ष मात्र खालच्या चहाच्या टपरीकडे होते.