ग्रंथी दमलेली नाही, आत्या

आत्याने काल रात्री घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली धाकटीचं नाव घालून: "बघ गं, तुझंच लिहिलंय." क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे वर्षानुवर्षं न हटणाऱ्या थकव्याचा आजार, म्हणजे ताणाने दमलेली मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी, तिच्यातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक संपलेलं असतं, ते गोळीने भरा, पहाटे मीठ-लिंबू पाणी घ्या, रोज थोडं जास्त चाला. तीन वर्षं जिचा दिवस अंघोळीनंतर संपतो, तिला हे!

लिंबूपाणी सोडून देऊ. रक्तदाब नसेल तर प्या.

कॉर्टिसॉलचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. काही रुग्णांत ते किंचित कमी सापडतं. पण ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला. गडबड असलीच तर या वरच्या साखळीत असावी असा संशय आहे, आणि तीही आजाराचं मूळ की पडून राहिल्याचा परिणाम, हे ठरलेलं नाही. ग्रंथी खरोखर निकामी होते तो अ‍ॅडिसनचा आजार. तो तपासणीत सापडतो. धाकटीची ती तपासणी झालीय, नॉर्मल आहे.

आता गोळी. हे करून पाहिलेलं आहे हो! अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये 1998 साली छापून आलंय. 70 रुग्ण, काहींना कमी मात्रेत हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधातलं कॉर्टिसॉल, बाकीच्यांना नुसती दिसायला तशी गोळी, साधारण 12 आठवडे. फरक पडला, पण जेमतेम. आणि औषध घेतलेल्यांपैकी 12 जणांची स्वतःची ग्रंथी मंदावली. धड चालणारी ग्रंथी उपचाराने बसवली! प्रयोग करणाऱ्यांनीच हा उपचार नको म्हटलं. फॉरवर्डमधल्या गोळीत नेमकं काय आहे, ते तर त्यात लिहिलेलंही नाही.

पण मला खरा राग आला तो "रोज थोडं जास्त चाला"चा. या आजाराची खूणच ही, की झेपेल त्यापुढे गेलं की माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळतो. उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये असा ठरावीक मापाने वाढवत न्यायचा व्यायाम देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. गेल्या दिवाळीत आमच्याच आग्रहाखातर धाकटी गल्लीच्या टोकापर्यंत फराळाचं ताट द्यायला गेली. पुढचे चार दिवस केस विंचरायला हात वर जात नव्हता.

"मनाने घेतलं की होतं" या फॉरवर्डच्या शेवटच्या ओळीला उत्तर देत बसले नाही. आत्याला फोन केला, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "लिंबूपाणी तरी देशील ना?"