चौदा करटुली

गेल्या शनिवारी सकाळी पावणेदहाला आमच्या भाजीच्या ग्रुपवर निरोप आला: 'कोणीतरी १९ नंबरची पिशवी नेली आहे. कृपया प्रामाणिकपणे परत आणून द्यावी.'

'प्रामाणिकपणे' हा शब्द अजून माझ्या घशात अडकलाय. 'चुकून नेली असावी' असंही लिहिता आलं असतं. काही पैसे पडले नसते.

आम्ही वर्षभरापासून भाजी विकत घेत नाही, आम्ही 'भागीदार' आहोत. हंगामाच्या सुरुवातीला बारा आठवड्यांचे पैसे आगाऊ भरायचे, त्यावर तिकडे पालघर जिल्ह्यात, वाड्याच्या बाजूला एक शेतकरी पेरणी करतो, आणि दर शनिवारी शेतात जे काही आलं असेल त्यातला चार किलोंचा वाटा आपला. आलं तर आपलं, कुजलं तरी आपलंच. हे खूळ घरात आणलं नवऱ्याने. शेत बघायला म्हणून गेला, तिथे चुलीवरची भाकरी खाल्ली आणि पैसे भरूनच परत आला. रात्री मला समजावत बसला, की १९७० च्या दशकात जपानमध्ये गृहिणींनी एकत्र येऊन थेट शेतकऱ्याकडून असा माल घ्यायला सुरुवात केली, त्याला 'तेइकेइ' म्हणतात, अमेरिकेतही १९८६ मध्ये अशी शेतं सुरू झाली, वगैरे वगैरे. मी म्हटलं, "जपानमध्ये गृहिणींनी सुरू केलं ना? मग इथे तू कशाला केलंस?" तर म्हणतो, "मी फक्त सुरू केलंय. चालवायचं तूच आहेस."

तर दर शनिवारी आठ ते दहाच्या दरम्यान, पार्ले पूर्वेला आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून एका सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मी चालवायला जाते. पार्ल्याला एके काळी बिस्किटांचा वास यायचा. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. आता त्या पार्किंगमध्ये शनिवारी ओल्या मातीचा आणि शेणखताचा वास येतो, आणि तो हुंगून काही लोक डोळे मिटून "आहाहा" म्हणतात. मिटोत बापडे. ती माती सिंकमध्ये कोण धुतं, हे त्यांना विचारू नये. मागे एकदा पडवळाबरोबर एक गोगलगाय आली होती. रात्रभरात ती ओट्यावरून निघून मिक्सरच्या भांड्यापर्यंत पोचली आणि मागे चांदीच्या जरीसारखी रेघ ठेवून गेली. नवऱ्याने तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'जिवंत मातीची खूण!' ओटा मी पुसला.

टेबलाच्या एका टोकाला अदलाबदलीची टोपली असते. वाट्यातलं नको ते तिच्यात टाकायचं आणि हवं ते उचलायचं. ज्याने ही टोपली काढली त्याने चातुर्मासाचा विचार केला नव्हता. अर्धं पार्लं आषाढीपासून कार्तिकीपर्यंत वांगं खात नाही, आणि शेतावर नेमकी तेव्हाच वांगी धो धो येतात. त्यामुळे श्रावणात त्या टोपलीत वांगी, वांगी आणि वांगी. तुम्ही वांगी टाकून वांगी उचलू शकता.

आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून ते काका असतात.

काका भागीदार नाहीत. त्यांनी एक दमडी भरलेली नाही. पण टेबल जिथे लागतं ती पार्किंगची जागा त्यांची. गाडी विकून टाकलेली, जागा रिकामी, म्हणून त्यांनी परवानगी दिली, फक्त 'माझ्या देखरेखीखाली' एवढी अट घातली. काका वजनमाप खात्यातून निवृत्त झालेत. निरीक्षक होते. निवृत्तीला पंधरा-सोळा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी ताणकाटा असतो, आणि माणूस बघितला की आधी त्याच्या हातातल्या पिशवीचा अंदाज घेतात. भाजी वाटणारी मुलगी त्यांना भयंकर घाबरते, कारण जागा गेली तर टेबल थेट रस्त्यावर. ही मुलगी तशी गोड आहे. मला 'काकू' म्हणते, ते सोडून.

माझा नंबर ११. त्या शनिवारी सव्वानऊला, धुवाधार पावसात, छत्री मानेत धरून मी ११ नंबरची पिशवी उचलली आणि घरी गेले. म्हणजे ११ नंबरची समजून उचलली. नंबर मार्करने देवनागरीत लिहिलेले असतात, चिठ्ठी भिजली होती, ९ ची आकडी वाहून गेली होती, आणि १९ चे ११ झाले होते. घरी पिशवी ओट्यावर ओतली तर लाल भोपळा, कोवळी भेंडी, दोडके, आणि एका कागदात पाव किलो करटुली! सासूबाई उडाल्याच. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून त्या शेताबद्दल बरा शब्द निघाला. एरवी कुर्डू आणि टाकळा आला की त्या म्हणतात, "रुळांच्या कडेला उगवतो तो टाकळा. त्याचे आगाऊ पैसे भरतात होय!" बाजारात करटुल्यांचा भाव विचारायलाही धीर लागतो. त्या दिवशी श्रावणी शनिवार, सासूबाईंचा उपास संध्याकाळी सुटणार, म्हणून त्या लगेच विळी घेऊन बसल्या. निरोप आला तेव्हा चार करटुली चिरून झाली होती.

मी दहा अख्खी करटुली कागदात बांधली, चार चिरलेली स्टीलच्या डब्यात भरली, बाकी सगळं होतं तसं पिशवीत कोंबलं आणि पुन्हा छत्री.

पार्किंगमध्ये सातआठ भागीदार उभे होते. काकांनी खुर्चीतूनच हात पुढे केला.

"नंबर काय आपला?"

"अकरा."

"आणि नेलीत?"

"अकराच. म्हणजे मला अकराच दिसलं. ही चिठ्ठी बघा ना."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिठ्ठी नाकाला लावली. "दिसलं, की होतं?"

"दिसलं."

"एकोणीस नंबर मोठा वाटा आहे. सहा किलो. पिशवी जड नाही लागली?"

"लागली. मला वाटलं, या वेळी पीक चांगलं आलंय."

"म्हणजे आनंद झाला."

"हो."

"पण शंका आली नाही."

यावर काय बोलणार? खरं सांगायचं तर जिन्यात एक शंका आली होती, कागदातलं हिरवं काटेरी काहीतरी हाताला लागलं तेव्हा. पण ती मी दाबली. श्रावणात, पावसात, तिसऱ्या मजल्यावर चढताना माणूस किती शंका काढणार?

काकांनी मुलीला वही काढायला लावली आणि खिशातून ताणकाटा काढला. भोपळा टांगला. भेंडी टांगली. दोडके एकेक करून टांगले, आणि दर वेळी आकडा असा पुकारला, की पलीकडच्या सोसायटीतल्या कुत्र्यानेही मान वर केली. मग करटुली. दहा अख्खी, एकशे ऐंशी ग्रॅम. बरोबर.

"आणि हे?"

"चिरलेली. चार."

"मीठ लावलंय?"

"नाही."

"मीठ लावलं की पाणी सुटतं. मग वजन धरता येत नाही. नक्की नाही लावलं?"

"काका, चिरायलाच घेतली होती हो."

"डबा रिकामा करा. आधी डब्याचं वजन." डबा एकशे बारा ग्रॅम भरला. तो आकडाही वहीत गेला. मग फोडी परत डब्यात भरून वजन, त्यातून डबा वजा. पंचावन्न. काकांनी बोटांवर हिशेब केला, डोळे मिटले, उघडले. "एकशे ऐंशी आणि पंचावन्न, दोनशे पस्तीस. पंधरा ग्रॅम कमी."

"बिया काढल्या असतील. जून बिया दाताखाली येतात म्हणून सासूबाई काढतात."

"बिया आणा."

मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"बिया ओल्या कचऱ्यात गेल्या."

"मॅडम," काका खुर्चीतून उठले. वर्षभरात मी त्यांना उठताना पहिल्यांदा पाहिलं. "चाळीस वर्षं मी मापात पाप चालू दिलं नाही. दादरला, वाशीला, बंदरावर. २००९ चा कायदा आला तेव्हा मी खात्यातून बाहेर पडत होतो, पण तोही मी वाचलाय. माल परत करताना पूर्ण परत करायचा असतो. बियांसकट."

मागे रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. बहुधा माझ्या बाजूने नाही. आणि हे सगळं चालू असताना माझी खरी पिशवी, ती ११ नंबरची, टेबलाखाली अनाथ पडून होती. रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे वाकून तिच्यातला दुधी काढला आणि टोपलीतली वांगी भरली. मला वाटतं दीड किलो. ते कोणी वजन केलं नाही.

आता मी हे सांगताना हसतेय, पण त्या दिवशी कानशिलं तापली होती. जूनच्या शेवटी सलग चार दिवसांच्या पावसात त्या शेतकऱ्याचा काकडीचा अख्खा वाफा कुजला. त्याने ग्रुपवर फोटो टाकला, खाली एवढंच लिहिलं, 'या वेळी काकडी नाही, माफ करा.' लगेच चाळीस जणांनी हात जोडले. 'आम्ही तुमच्या सोबत आहोत दादा.' 'नफ्यात तसे तोट्यातही!' कोणी शेताच्या मातीवर चार ओळींची कविता केली. तीच माणसं, तोच ग्रुप. अख्ख्या वाफ्याला माफी आहे, आणि माझ्या चार करटुल्यांना नाही. शेतकरी लांब असतो, वाड्याला. मी तीन गल्ल्यांवर राहते, मला बोलावून घेता येतं.

आणि एक सांगून टाकते. स्टेशनबाहेर माझी एक भाजीवाली आहे. अठरा वर्षं मी तिच्याकडून भाजी घेतली. ती वांगं दाबून बघू द्यायची, मी भाव पाडायचे, ती शिव्या घालायची, आणि शेवटी न मागता कढीपत्त्याची डहाळी पिशवीत खोचायची. कधी चूक झालीच, एखादी जुडी जास्त आली, तर दुसऱ्या दिवशी सांगितलं की "राहू दे गं" म्हणून हात झटकायची. वर्षभर मी तिला चुकवून पलीकडच्या फुटपाथने जाते, उधारी बुडवल्यासारखी. मागच्या महिन्यात तिने गाठलंच. "गावाला होता काय ताई?" म्हणाली. मी हो म्हटलं. वर्षभर गावाला!

असो. दहा वाजले. वाटपाची वेळ संपली, तरी १९ नंबर आलाच नव्हता. शेवटी मुलीने फोन लावला. ते चिपळूणला. दहा दिवसांपासून. "आम्ही कळवायला विसरलो, पिशवी वॉचमनला देऊन टाका," असं म्हणाले. म्हणजे त्या पिशवीची कोणी वाटच बघत नव्हतं! नंबर मोजताना मुलीला एक कमी सापडला, काकांनी निरोप तोंडी सांगितला, तिने जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. 'प्रामाणिकपणे' हा शब्द कोणाचा, हे आता कळलं.

वॉचमनला हाक मारली. त्याने भोपळा घेतला, भेंडी घेतली, दोडके घेतले. कागद उघडून करटुली बघितली, एक उचलून परत ठेवलं. "ये काँटेवाला करेला हम नहीं खाते, साहब."

मी हात पुढे केला. खरंच केला. घरी सासूबाई विळी आडवी करून वाट बघत होत्या.

"राहू दे राहू दे," काका म्हणाले. "वाया कशाला घालवायचं? आमच्या हिला आवडतात." त्यांनी कागद बगलेत मारला, डबा हातात घेतला, ताणकाटा खिशात ठेवला आणि लिफ्टकडे गेले. वजन केलं नाही. वहीत नोंद नाही. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मला सुचलंच नाही, की तो डबा माझा आहे.

माझा म्हणजे सासूबाईंचा. त्याच्या बुडावर त्यांचं नाव आणि मंगळागौरीची तारीख कोरलेली आहे, १९७४ ची. त्यांनी शनिवारी विचारलं, रविवारी विचारलं, आज सकाळी चहा ओतताना विचारलं, "डबा आला का गं?" मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, मी काकांना कसं सांगू? तुम्हीच शनिवारी या ना. डब्याचं वजन माझ्याकडे लिहिलेलं आहे."

तोवर फ्रिजमध्ये दीड किलो वांगी आहेत. घरात कोणी खात नाही.