वेळासची कासवं आणि पर्यटकांचे पैसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या वेळासवरच्या लेखाखालची तुमची कमेंट नीट वाचली आणि उत्तर लांबणार हे तेव्हाच कळलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, जिथे समुद्री कासवं अंडी घालतात, तिथे लोक कासवं बघायला नाही तर रील बनवायला येतात, संशोधनाचा खर्च सरकारनेच करायला हवा, कासवाचा समुद्रातला माग काढणाऱ्या सॅटेलाइट टॅगला पर्यटकांचा एक रुपयाही लागलेला नाही, आणि मी "पर्यटनातून समुद्राच्या संवर्धनाला पैसा मिळतो" असं लिहून होमस्टेवाल्यांची फुकट जाहिरात केली.

टॅगपासून सुरुवात करतो. जानेवारी 2022 मध्ये वेळासला अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या एका मादी कासवाच्या पाठीवर असा टॅग, म्हणजे ट्रान्समीटर, बसवला, तिचं नाव ठेवलं प्रथमा. ते काम वनखात्याच्या मँग्रोव्ह फाउंडेशनचं आणि वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचं, पैसा पर्यटकांचा नव्हता, मान्य. आणि तो तसाच असायला हवा, असली महागडी यंत्रं सरकारी निधीतूनच यावीत, याबद्दल आपलं भांडण नाहीच. पण टॅग लावायला वेळासलाच का जाता आलं? तर तिथे घरटी कुठे लागतात, कधी लागतात, किती अंडी, किती पिल्लं बाहेर आली याची नोंद गावातली माणसं वर्षानुवर्षं ठेवत होती म्हणून. हेही संशोधनच आहे हो. सीझनभर रोज पहाटे टॉर्च घेऊन अख्खी पुळण चालायची, वाळूत मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचे माग शोधायचे, घरटं सापडलं की शंभरेक अंडी हलक्या हाताने काढून हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि वहीत तारीख टाकायची. एखाद्या प्रोजेक्टचा निधी तीन वर्षांनी संपतो, ही पहाटेची फेरी मात्र दरवर्षी लागते. गाव तिच्यामागे उभं राहतं ते बऱ्याच अंशी होमस्टेच्या पैशामुळे.

सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये तिथे काम सुरू केलं तेव्हा अंडी सर्रास उकरून नेली जायची, उरलेली कुत्री-कोल्हे खायचे. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक घरोघरी राहायला लागले, आणि ज्या घरात पाहुण्यांसाठी उकडीचे मोदक व्हायला लागले त्या घराला घरटं सुरक्षित राहण्यात रस निर्माण झाला. याला तुम्ही धंदा म्हणा, माझी हरकत नाही. पोट भरत नसेल तर गावाने फक्त प्रेमापोटी किनारा राखावा ही अपेक्षा पुण्या-मुंबईत बसून करणं मला तरी बरोबर वाटत नाही.

आता तुमचा गर्दीचा मुद्दा. तो मला तुमच्यापेक्षा जास्त टोचतो. सकाळी कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावातला माणूस, हॅचरीतल्या घरट्यावर झाकलेली टोपली उचलतो तेव्हा दोरीमागे उभ्या लोकांचा श्वास अडकलेला असतो, आणि खाली काहीच नसेल तर मागून आवाज येतोच, "अहो जरा उकरून बघा ना, आम्ही लांबून आलोय." खरा धोका इथे आहे, फ्लॅशच्या फोटोइतकाच किंवा त्याहून जास्त. पिल्लू वाळूतून वर येतं ते पोटातल्या पिवळ्या बलकाची थोडीशी शिल्लक घेऊन, तेवढ्यावर त्याला लाटा पार करून पहिला दिवसभर पोहायचं असतं. पर्यटकांच्या वेळेसाठी त्याला टोपलीखाली धडपडत ठेवलं तर ती ताकद तिथेच खर्च होते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पिल्लं सोडायची वेळ पिल्लांवरून ठरावी, रात्री वर आली तर रात्रीच सोडावीत, बघायला कुणी असो वा नसो. तसंच वाळूच्या तापमानाचं. अंडी जास्त तापली की माद्याच जास्त होतात, आणखी तापली तर पिल्लं मरतात, तेव्हा हॅचरीवर सावलीची जाळी कधी आणि किती लावायची हे थर्मामीटर बघून ठरलं पाहिजे. पर्यटनाच्या पैशातला ठरलेला हिस्सा या थर्मामीटरला, जाळीला आणि पहाटे चालणाऱ्याच्या मानधनाला जायला हवा, तोही लेखी, ग्रामसभेत हिशोब मांडून.

तुम्ही मालवणचं उदाहरण दिलंत, प्रवाळावर पाय देणारे स्नॉर्कलिंगवाले, कुठेही नांगर टाकणाऱ्या बोटी. तिथलं नुकसान खरंच आहे. पण ते फक्त पर्यटन आहे, त्यात समुद्रातलं काही मोजणारा, नोंदवणारा माणूसच बोटीवर नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर दर पर्यटकामागे शुल्क घेतात, 1993 पासून, ते बोटवालाच गोळा करतो आणि पैसा रीफच्या व्यवस्थापनाला जातो. तिथेच जून-जुलैमध्ये मिंकी व्हेल येतात, त्यांच्यासोबत पोहायचं परमिट मोजक्याच बोटींना मिळतं, माणसं पाण्यात दोरी धरून राहतात, व्हेलला वाटलं तर ती जवळ येते, आणि पर्यटकांनी काढलेल्या फोटोंवरून संशोधक एकेक व्हेल ओळखतात. बघणाऱ्याचा फोटोच डेटा होतो. आपल्याकडे हे का जमू नये? परमिटची संख्या कमी ठेवायची हिंमत लागेल, आणि ती सरकारनेच दाखवायला हवी, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे.

आणि हो, नुसतं "किनारा बंद करा" म्हणून भागत नाही. गुहागरहून टॅग लावलेली बागेश्री 2023 मध्ये श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. एवढा समुद्र कोण बंद करणार? वाटेत ट्रॉलरच्या जाळ्यात कासव अडकलं तर ते सोडणारा मच्छिमारच लागतो, आणि तो ज्या गावचा, त्या गावाला कासवाचं मोल वाटायला हवं.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग यंदा वेळासला जावं की नाही. जा. फक्त शनिवार-रविवार टाळा, मधल्या एजंटकडून बुकिंग न करता थेट गावातल्या घरात फोन करा, फ्लॅश बंद ठेवा, आणि निघताना यजमानांना विचारा की तुमच्या पैशातलं हॅचरीला किती जातं. उत्तर काय मिळालं ते इथेच लिहा, मला खरंच हवंय.