‘आमचा शनिवारचा पेनड्राइव्ह बरा’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. दुकानाच्या हिशोबाचा बॅकअप रोज आपोआप व्हावा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण मुद्द्याची होती, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पंधरा वर्षं दर शनिवारी दुकान बंद करताना टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेता, तो घरी कपाटात ठेवता, ‘सणासुदीला, मार्चएंडला एखादा शनिवार राहतो, पण काही बिघडलेलं नाही’. ऑटोमॅटिक बॅकअपही बंद पडतात, आणि त्यासाठी सतत जोडलेली डिस्क व्हायरसच्या तडाख्यातही सापडते. आणि मी ऑटोमॅटिक बॅकअपची सेवाच विकतो, म्हणून लोकांना घाबरवतो.

शेवटचं आधी. हो, विकतो. पोट त्यावरच आहे, तेव्हा माझं बोलणं पारखून घ्या.

ऑटोमॅटिकही बंद पडतं, हेही खरं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. 300 जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले, तर डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे तो होतच नव्हता. तशी सूचना देणारे ईमेल मेल सर्व्हर परत पाठवत होता, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. शेवटी तारलं कशानं? सहा तास आधी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या कॉपीने. म्हणजे तुमच्याच पंथाने! तरी मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलंच.

माझीही एक फजिती सांगतो. एका गिऱ्हाइकाकडे रात्री अकराचा बॅकअप लावून दिला होता. त्यांनी मध्येच दुसरी हार्डडिस्क जोडली, बॅकअपच्या डिस्कचं अक्षर ‘ई’चं ‘एफ’ झालं, आणि माझी स्क्रिप्ट (बॅकअप घेणारा छोटा प्रोग्राम) दोन महिने रोज रात्री नसलेल्या ‘ई’वर लिहायला जात होती. नशिबाने डेटा गेला नाही. लाज मात्र गेली. तेव्हापासून बॅकअप झाला की मला मेसेज येतो. न आलेल्या दिवशी सकाळी मी फोन करतो.

मग माझा वाद कशाशी? त्या राहून गेलेल्या शनिवाराशी. तो कधी राहतो ते तुम्हीच लिहिलंय : दिवाळीत, मार्चएंडला. म्हणजे नेमका ज्या आठवड्यात सर्वांत जास्त नोंदी होतात तेव्हा. एक शनिवार चुकला की पुढच्या शनिवारी कुलूप लावेपर्यंत चौदा दिवस उघड्यावर. त्यातली खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या 2बी वरून (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीवरून) बरीचशी पुन्हा उभी करता येईल. छापील बिलांच्या दुसऱ्या प्रती असतील. पण काउंटरवर ‘लिहून ठेवा’ म्हणून गेलेली उधारी? त्यापोटी थोडे थोडे आलेले पैसे? ते कुठल्याच पोर्टलवर नाहीत. मशीन तुमच्यापेक्षा हुशार आहे असं मी म्हणत नाही. त्याला दिवाळी नसते, एवढंच.

पेनड्राइव्ह मात्र सोडू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला की सतत जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. जून 2017 मध्ये मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातली कॉम्प्युटरं नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने बंद पाडली, आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. सगळं पुन्हा उभारायला लागणारी एक महत्त्वाची प्रत वाचली ती घानाच्या ऑफिसात, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती. लोडशेडिंगचे असेही उपकार! तेव्हा रोज रात्री ऑटोमॅटिक, आणि शनिवारी कपाटातला पेनड्राइव्ह, दोन्ही ठेवा. रात्रीच्या वेळी टॅली बंद असेल एवढं बघा, उघड्या फाइलींची कॉपी अर्धवट येऊ शकते.

आणि माझ्याकडून काही घ्यायच्या आधी या शनिवारी एक करा. पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये बॅकअप रिस्टोर करा, म्हणजे त्यातला डेटा परत उतरवा (चालू डेटावर चुकूनही नको, तो पुसला जाईल) आणि तुमच्या सर्वांत मोठ्या उधारवाल्याची बाकी वहीशी ताडून बघा. जुळली तर इथे येऊन मला दोन शब्द सुनवा. पेनड्राइव्ह उघडलाच नाही, तरीही लिहा.