जागा १४८, पण मत कुणाचं?

सप्टेंबर आला की पुणे करारावरचं भांडण फेसबुकवर नेमाने सुरू होतं. कुणीतरी लिहितंच, "जातीय निवाड्यात अस्पृश्यांना ७१ जागा होत्या, कराराने १४८ झाल्या, मग रडता कशाला?" खाली लाइकचा पाऊस. जागा सगळेच मोजतात हो, पण त्या जागेवर कोण बसणार हे ठरवायचं कुणी?

हा निवाडा म्हणजे प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा कुणाला किती, याचा १९३२ चा ब्रिटिश सरकारचा निर्णय. त्यात अस्पृश्य मतदाराला दोन मतं होती. एक सर्वसाधारण मतदारसंघात आणि दुसरं आपला माणूस आपणच निवडायला. गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करारावर सह्या झाल्या आणि ते दुसरं मत गेलं. बदल्यात आली प्राथमिक निवडणूक. अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार ठरवायचे, मग त्या चारांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. म्हणजे आपल्या लोकांत पहिला आलेला शेवटी पडू शकतो आणि चौथा आलेला आमदार होऊ शकतो! आणि 'सगळे' तरी कोण? सारा, कर, शिक्षण असल्या अटींत बसणारे. त्यात महारवाड्यातले, मांगवाड्यातले किती बसणार?

१९३७ ला मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांसमोर उभं केलं पालवणकर बाळूंना. चर्मकार समाजातले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेले डावखुरे फिरकीपटू. पुण्यात खेळायचे तेव्हा त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. बाळूंबद्दल मला आदरच आहे, पण त्यांना तिथे उभं करण्यामागचा डाव न कळण्याइतकं कुणी भोळं नाही. बाबासाहेब जिंकले, तेही जेमतेम दोन हजार मतांनी. मुंबई प्रांतात अशा मतदारसंघात एकाहून जास्त जागा आणि तितकीच मतं असायची, आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता यायची, त्याचा मोठा आधार झाला.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मात्र बाबासाहेबांच्या पक्षाचा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, धुव्वा उडाला. संविधान सभेचे सभासद प्रांतांचे आमदारच निवडायचे, त्यामुळे तिथे जायला बाबासाहेबांना मुंबईतून वाट उरली नाही. फेडरेशनचे बंगालमधले नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्यांना बंगालमधून निवडून आणलं. फाळणीत ती जागाही गेली, तेव्हा १९४७ मध्ये काँग्रेसने मुंबईतून पाठवलं.

"बघा, काँग्रेसनेच पाठवलं ना!" अशी कमेंट येणार, माहीत आहे. पाठवलं की. पण पाठवायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं, तेच तर मघापासून सांगतोय.