सापडलेला ड्रोन: चार्जर शोधू नका, आधी बॅटरी बघा

ऊसतोड सुरू झाली की फडात काय काय सापडतं ते टोळीवाल्यांना विचारा. मोबाईल, कोयते, घोणस आणि हल्ली ड्रोन. कुणा लग्नाच्या शूटिंगचा, कुणा पन्हाळ्यावर रील काढणाऱ्याचा. सापडला की गावच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, "ह्याचा चार्जर कुठं मिळंल?" दुसरा, "विकला तर किती येतील?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. काही येत नाही. रिमोटशिवाय तो सहसा उडत नाही, आणि बरेच नवे ड्रोन मूळ मालकाच्या खात्याला बांधलेले असतात. मालकाने सोडवल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात ते खेळणंच. वर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 आहे. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःच्या वापराला घेतली तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आणि दंड. परत द्यायच्या इराद्याने उचलून जपून ठेवली तर गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. पण मालक शोधता येत असताना शोधलाच नाही, तर ती पळवाट बंद.

आता पहिला प्रश्न. सापडलेली बॅटरी चार्जिंगला लावणं हा यातला सगळ्यात धोकादायक उद्योग. ड्रोनमध्ये लिथियम पॉलिमर बॅटरी असते. एका सेलला पूर्ण चार्ज झाल्यावर साधारण 4.2 व्होल्ट. पडताना सेलला आतून मार बसला, पाणी शिरलं किंवा महिनोन्‌महिने फडात पडून सेल पार उतरला, की वरून धड दिसणारी बॅटरीही चार्जरवर पेट घेऊ शकते. म्हणून बॅटरी काढायच्या आधी बघा: पोट फुगलंय का, प्लास्टिक तडकलंय का, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतोय का, गरम लागतेय का. यातलं एक जरी असलं तर काढायच्या खटाटोपात पडू नका. फुगलेली बॅटरी खाचेत घट्ट बसते आणि ती उचकटायला लोक स्क्रूड्रायव्हर घालतात, तिथंच घात होतो. घमेल्यात कोरडी वाळू घ्या, अख्खा ड्रोन त्यात ठेवा आणि घमेलं अंगणात, गंजीपासून, गोठ्यापासून आणि गाडीपासून लांब. रंकाळ्यासारख्या तलावातून किंवा विहिरीतून निघालेला ड्रोन तांदळात पुरू नका, उन्हात तापवू नका, बटण तर दाबूच नका.

बॅटरी ठीक दिसली आणि दिवे चालू असतील तर आधी बटणाने बंद करा. बहुतेक डीजेआय कंपनीच्या ड्रोनला एकदा दाबून सोडायचं, लगेच परत दाबून धरायचं. चालू असताना थेट बॅटरी उपटली तर शेवटची व्हिडिओ फाइल अर्धवट राहते, आणि ड्रोन कुठं कसा पडला ते बहुधा त्याच फाइलमध्ये असतं.

ताजा पडलेला, कोरडा, न फुटलेला ड्रोन असेल तर आम्ही उलटंही सांगू. पंखे काढा. काहींचे दाबून फिरवले की निघतात, छोट्यांना बारीक स्क्रू असतात. कॅमेऱ्याच्या झुलत्या भागात अडकलेला पाला, माती काढा, कारण चालू होताना तो भाग आपोआप हलून बघतो आणि अडला तर त्याची मोटर जाते. मग उघड्यावर सपाट जागी दहा मिनिटं चालू ठेवा. मालक रिमोट घेऊन आसपास हिंडत असेल तर त्याच्या ॲपवर जागा दिसते आणि बऱ्याच मॉडेलवर तो तिथून बीप आणि दिवेही चालू करू शकतो. पंखे निघत नसतील तर हे करू नका. लांबून कुणी टेकऑफ दाबलं तर बोटं जातात.

एक बारकावा. पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर वारा पश्चिमेकडून येतो. ड्रोन पूर्वेला जाताना वाऱ्यावर झोकात जातो, परत येताना बॅटरी पुरत नाही आणि आहे तिथं उतरतो. म्हणजे मालकाचा शोध वारा येतो त्या बाजूला आधी.

कार्डबद्दल मात्र आमचं मत कडक आहे. मेमरी कार्ड काँप्युटरला लावलं आणि "फॉरमॅट करायचं का" असं विचारलं तर नाही म्हणा. पहिल्या एक-दोन क्लिप बघा, बास. उडवताना कॅमेरा बरेचदा जमिनीवरच चालू केलेला असतो, त्यात मालकाचा चेहरा, गाडीचा नंबर, मागची कमान किंवा हॉलचं नाव दिसतं. फोटोत बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशही असतात. पुढचं कुणाचं हळदी-लग्न असेल, ते आपलं नाही. ग्रुपवर टाकायचं तर अजिबात नाही.

ग्रुपवर एवढंच लिहा: "अमुक गावच्या शिवारात ड्रोन सापडला आहे, ओळख पटवून न्यावा." फोटो नको, रंग नको, सिरियल नंबर तर नकोच. तो बॅटरीच्या खाचेत किंवा अंगावरच्या स्टिकरवर असतो. नेणाऱ्याला त्याचे शेवटचे चार आकडे विचारा. खऱ्या मालकाला ते ॲपमध्ये किंवा खोक्यावर सापडतात, आणि शेवटच्या उड्डाणाचा नकाशाही दाखवता येतो. नुसतं "माझाच हाय ओ" म्हणणारे तीन तरी येतील.

फवारणीचा ड्रोन असेल तर गोष्ट वेगळी. टाकी बहुधा दहा लिटरची, आत औषध शिल्लक असू शकतं. उघड्या हाताने धरू नका, ओढ्यावर किंवा विहिरीवर धुऊ तर नकाच. यातल्या बऱ्याच ड्रोनला सहा-सहा सेलच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे भरलेल्या असताना 50 व्होल्ट. जाणकार माणूस येईपर्यंत त्याला हात लावू नये, हे बरं. अंगावर यूआयएन, म्हणजे ड्रोनचा सरकारी नोंदणी नंबर असेल तर पोलिसांना तोच सांगा, सरकारी नोंदीत त्याला मालक जोडलेला असतो.

ड्रोनला पुडकं, वायरी, काहीतरी बांधलेलं दिसलं तर मागे सरा आणि 112.

मालक दोन-चार दिवसांत आला नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, सिरियल नंबर, कार्ड आणि बॅटरी लिहिलेली पोच घेऊनच. कोल्हापूर विमानतळाजवळ, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव बाजूला सापडला तर थेट ठाणंच. विमानतळाच्या हद्दीलगत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यातही 200 फुटांच्या वर परवानगी लागते; ती न घेता उडवलेला असेल तर मालक घाबरून पुढंच येत नाही. त्याला पकडणं आपलं काम नाही.

बक्षीस? करार कायद्याच्या कलम 168 प्रमाणे जपण्याचा आणि मालक शोधण्याचा स्वखुशीने केलेला खर्च मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते, पण त्यासाठी दावा लावता येत नाही. दावा लागतो तो मालकाने आधी बक्षीस जाहीर केलेलं असेल तरच. खर्च म्हणजे पेट्रोल, फोन. पाच हजार नव्हे. आणि पुण्याचा मालक "पार्सलने पाठवा" म्हणाला, तर ड्रोन आणि कार्ड पाठवा. बॅटरी त्याने स्वतः येऊन न्यावी. फुगलेली असेल तर ई-कचऱ्यात, त्याला फोटो पाठवून.