गाडी फिरतेच आहे तर…

"ड्रायव्हर लोकांच्या गाड्या मागं. ट्रान्सफॉर्मरपाशी लावायच्या."

हे मला सांगण्यात आलं. परवा, चुलत मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्याला, सिंहगड रस्त्यावरच्या एका लॉन्सच्या गेटवर. सांगणारा पोरगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. हातात लाल दांडका, आणि तोंडातली शिट्टी माझ्याशी बोलण्यापुरती काढण्याचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत. मी जाकीट घातलं होतं. शेजारी पैठणी नेसलेली बायको होती. मी ड्रायव्हर, तर मग ही कोण, हे त्याला विचारायचं होतं. पण आमच्या गाडीची काच हातानं फिरवून खाली करावी लागते. ती अर्ध्यावर येईपर्यंत मागच्या एसयूव्हीनं हॉर्न ठेवून दिला आणि मी निमूट मागं गेलो.

मागं म्हणजे डीजेचा टेम्पो आणि केटररचं पिकअप यांच्या मधोमध. तिथं कठड्यावर बसलेल्या एका भल्या माणसानं हात दाखवून गाडी लावून दिली आणि आपुलकीनं विचारलं, "कुणाकडं असता?"

"माझ्याकडंच," मी म्हणालो.

त्याला ते काही पटलं नाही. "जेवणाचं आधी बघून घ्या," म्हणाला. "इथं आपल्याला कुणी विचारत नाही." ते मात्र खरं होतं. आत चार प्रकारचे पन्हं-सरबताचे स्टॉल, बाहेर त्या दहा-बारा माणसांसाठी पाण्याचा जारसुद्धा नाही. मुलीच्या काकांच्या कानावर मी ते घातलं. ते म्हणाले, "बघतो." कुणी बघितलं नाही.

बायको लॉनला सोडलेल्या पाण्याच्या चिखलातून निऱ्या सावरत पुढं आली आणि म्हणाली, "त्या पोराचं तरी काय चुकलं?" नवी गाडी घ्यायची, हे तिथंच ठरलं. कोणती, कशाला आणि कुठल्या पैशानं, एवढं राहिलं.

सध्याची गाडी २०११ सालची, पेट्रोलवरची. तिचा रंग कागदोपत्री चंदेरी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती आता संपत आली. पुढं नूतनीकरण करायचं तर २०२२ च्या एप्रिलपासून त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली आहे. पर्यावरण कर वेगळा, आरटीओत गाडी नेऊन दाखवण्याचा दिवस वेगळा. मधल्या काळात जुन्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरप्लेट लावायची सक्ती झाली, तिला मुदतवाढी मिळत गेल्या. पहिल्याच मुदतीत धावत जाऊन प्लेट लावून आलेल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं तोंड तेव्हा बघवत नव्हतं.

शिवाय पेट्रोल. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं. साखर कारखान्यांचं भलं होतंय, होऊ दे, आमच्या सासुरवाडीला ऊस आहे, त्यामुळे मी यावर घरात काही बोलत नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा, आणि पैसे पुऱ्या लिटरचे घेणार, हा कुठला हिशेब? दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला निदान आपण दोन शब्द सुनावू तरी शकतो.

"डिझेल घे," मेहुणा म्हणाला. मेहुणा साताऱ्याचा. त्याच्याकडं जुनी डिझेल स्विफ्ट आहे आणि तिच्या १२४८ सीसीच्या इंजिनाबद्दल तो ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात तो माझ्या बहिणीबद्दल कधी बोललेला मला आठवत नाही. इंजिन मुळात फियाटचं. आपल्या रांजणगावातही बनायचं. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, लिनियातही तेच. बॉनेटवर बिल्ला कुणाचाही असो, आत धडधडणारं काळीज एकच. मग २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-सिक्स, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम आले, मारुतीनं डिझेल बंदच केलं, आणि पुढं बाकीच्यांनीही छोट्या डिझेल गाड्यांतून एकेक करत अंग काढून घेतलं. "म्हणून आहे ती जपून ठेवलीय," मेहुणा म्हणतो, आणि टायरवर थाप मारतो.

डिझेलची खरी चैन होती ती २०१२ च्या आसपास. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागं तीसेक रुपयांचा फरक होता, आणि जो तो डिझेल गाडीच्या रांगेत उभा होता. मी तेव्हा पेट्रोल घेऊन बसलो होतो. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारनं डिझेलचे भाव मोकळे सोडले, फरक आटत गेला, आणि आता सगळे डिझेलमधून बाहेर पडत असताना मला आत शिरायची बुद्धी झाली.

हिशेब मी केला. करायला नको होता, पण गृहकर्जाची सवय. पुण्यात पेट्रोल १०४ च्या, डिझेल ९१ च्या आसपास. पेट्रोल गाडी १५ देते, डिझेल २० देईल. किलोमीटरला सात रुपये विरुद्ध साडेचार, वाचले अडीच. आमचं फिरणं महिन्याला पाचशे किलोमीटर, तेही मंडई आणि डेंटिस्ट धरून. म्हणजे महिन्याला साडेबाराशे वाचणार. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा डिझेलला दीड लाख जास्त मोजायचे. ते वसूल व्हायला दहा वर्षं. तोवर मी निवृत्त आणि डिझेल बहुधा कायद्यानं निवृत्त. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. २०२३ च्या सप्टेंबरात गडकरींनी डिझेल गाड्यांवर जादा दहा टक्के जीएसटीचा विषय काढला आणि त्याच दिवशी तसा प्रस्ताव सध्या नाही असा खुलासाही केला. पण सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो आलाच, खुलासा आजतागायत आलेला नाही.

"आणि आपण जातो कुठे?" बायकोनं विचारलं. हिशेबाच्या कागदाकडं तिनं बघितलंही नाही.

तरी विकायला निघालेली एक डिझेल गाडी मी बघायला गेलोच. कारण गाडी जवळजवळ नवी होती. पहिला धनी एकच, फिरलेली कमी, आणि नव्या गाडीवर आपलं सरकार दहा लाखांपर्यंत पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के कर लावतं, तो त्या माणसानं आधीच भरलेला. दुसऱ्यानं भरलेल्या कराचं मला फार आकर्षण आहे. खटकणारी गोष्ट एकच. गाडी पांढरी होती. १९९८ च्या डिसेंबरात इंडिका आली, तिच्या डिझेल आवृत्तीनं पुढं सगळ्या महाराष्ट्राला विमानतळावर सोडलं आणि आणलं, आणि तेव्हापासून पांढरी डिझेल हॅचबॅक दिसली की लोक मागचं दार उघडून बसतात.

कोथरूडला गेलो. विकणारा मुलगा आयटीतला, नेदरलँड्सला चाललेला. बोलायला चांगला, पण कानात काहीतरी घातलेलं, त्यामुळं तो माझ्याशी बोलतोय की ॲमस्टरडॅमशी हे कळत नव्हतं. मी चालवायला बसलो, तो शेजारी बसला, आणि इतक्यात मागचं दार उघडून एक गृहस्थ आत आले. पांढरा झब्बा, कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद.

"गाडी फिरतेच आहे तर मला डेक्कनला बँकेत सोडा," ते म्हणाले. "हयातीचा दाखला द्यायचाय. नोव्हेंबर संपत आला."

"बाबा, हे गाडी बघायला आलेत," मुलगा म्हणाला.

"बघू देत की. मी काय डोळ्यांवर हात ठेवलाय?"

निघालो. कर्वे रस्त्यावर गाडीचा फक्त ब्रेक तपासता येतो, तो मी मनापासून तपासला. मागून आवाज आला, "जिवंत असल्याचं सांगायला चाललोय. तेवढं पोचेपर्यंत सांभाळा."

नळ स्टॉपच्या सिग्नलला त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्या खांद्यावरून पुढं धरली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, सरकारी. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. वहीत रकाने आखलेले: तारीख, रीडिंग, लिटर, ॲव्हरेज, शेरा. गाडीनं प्यालेला डिझेलचा थेंब न् थेंब निळ्या शाईत नोंदवलेला. मी शेरे वाचायला लागलो. 'पाऊस. एसी बंद.' 'वारजे पुलावर एक तास पंचवीस मिनिटे. निष्कारण.' 'सौ. सोबत.' पुढं पुन्हा 'सौ. सोबत.' आणि त्या ओळीवर ॲव्हरेज ०.८ नं कमी, लाल शाईत.

"सिग्नल सुटला," ते म्हणाले. "वही नंतर बघा. रोज किती चालवणार?"

"रोज असं नाही. ऑफिसला बसनं जातो. महिन्याला पाचशे."

मागं शांतता. मग, "महिन्याला?"

"हो."

"अहो, मग डिझेल कशाला? तुम्हाला डीपीएफ माहितीये का?"

मुलगा कानातलं काढून म्हणाला, "बाबा, प्लीज."

पण धरणाचं दार एकदा उघडलं की काकांच्या हातात काही राहत नसावं. डीपीएफ म्हणजे धुराच्या नळीत बसवलेली जाळी. इंजिनाची काजळी तिथं अडते. साठली की ती जाळून टाकावी लागते, आणि जाळायची तर नळी सहाशे अंशांपर्यंत तापली पाहिजे. सिग्नलला उभं राहून ती तापत नाही. हायवेला जायचं, साठ-सत्तरचा वेग धरायचा, वीस मिनिटं सोडायचा नाही. नाही गेलात तर आधी दिवा लागतो, मग गाडी ओढत नाही, मग वर्कशॉप, आणि जाळी बदलायची म्हटली तर आकडा ऐकून माणूस खाली बसतो.

"म्हणून दर रविवारी मी तिला नेऊन आणतो," काका म्हणाले. "सकाळी सहाला. खेड शिवापूरला टोलनाक्याच्या अलीकडून वळायचं. टोल भरायचा नाही. थंडी असो, पाऊस असो. माझ्या मोठ्या भावाच्या तेराव्याला रविवार आला होता, तर पहाटे चारला निघालो."

"आणि तुम्ही हे दोन वर्षं करताय?"

"करणार काय? हा शनिवारी रात्री जागतो आणि रविवारी बाराला उठतो. गाडी ह्याची, काजळी माझी." मग जरा पुढं वाकून, दिलासा दिल्यासारखं म्हणाले, "तेही जमलं असतं. पण गाडीला फिरवायचं असतं तेव्हा मला प्रोस्टेट आहे. हायवेला थांबायचं कुठं?"

मुलानं कानातलं परत घातलं.

बँकेपाशी गाडी उभी केली. "दोघं जाऊन येतो, पाच मिनिटं," काका म्हणाले. "तुम्ही गाडीतच बसा, इथं टोइंगवाले फिरत असतात." मी बसलो. गाडी कुणाची, वडील कुणाचे. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, कारण अंगठा मशीनला पटत नव्हता. मी वही वाचून काढली. एका पानावर रीडिंगच्या जागी 'खडकवासला विसर्ग' असं लिहून खोडलेलं होतं. एका रविवारी नुसताच शेरा: 'मुलगा आला होता सोबत. बोलला नाही.'

परत येऊन ते पुन्हा मागंच बसले. डेक्कनला भाजी घ्यायची होती, ती घेतली. मेथीची जुडी दहा रुपयांनी महाग लावली यावर त्यांचं भाजीवालीशी जे झालं त्यात मला साक्षीदार म्हणून वापरण्यात आलं. घराखाली आल्यावर त्यांनी निकाल दिला.

"गाडी उत्तम आहे. तुम्हाला झेपणार नाही."

"बाबा, आपण गाडी विकतोय!"

"विक की. ह्यांना कशाला विकतोस? चालवणाऱ्याला वीक."

आता हे मला लागलं. हिशेबही हेच सांगत होता, बायकोही हेच सांगत होती, पण विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला नापास करायचं म्हणजे काय? मी मुद्दाम किमतीवर घासाघीस केली, पंचवीस हजार कमी करून मागितले. मुलगा 'विचार करतो' म्हणाला. काका जिन्यावरून म्हणाले, "वहीचे वेगळे घेणार नाही."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही. "रविवारी सकाळी सहाला उठायला लागणार असेल तर घे," म्हणाली. "निदान दूध तरी आणशील." मेहुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आमच्या जुन्या इंजिनाला असले लाड नाहीत," आणि पुढची दहा मिनिटं आमच्या जुन्या इंजिनाबद्दल बोलला.

शुक्रवारी रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ओळखलंत? हयातीचा दाखला," काका म्हणाले. "परवा सकाळी सहाला या. गाडीला नेऊन आणायचंय. मुलाचं पॅकिंग चाललंय, आणि माझी हायवेची परिस्थिती तुम्हाला माहितीच आहे."

"काका, माझं अजून काही ठरलेलं नाही."

"ठरवा असं कोण म्हणतंय? फिरवा म्हणतोय. झेपतंय का ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि हे बघा, टाकी रिझर्व्हला आलीय. जाताना कात्रजच्या पंपावर भरून घ्या. पावती तेवढी जपून ठेवा, वहीत चढवायचीय."